साडेआठ फुटांची काठी

मुख्याध्यापकाने काठीवर लेख लिहायला घेतला म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे कोणती काठी उभी राहील, हे मला ठाऊक आहे. ती काठी आता आमच्या हातात राहिलेली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तिला शाळेतून कायमची रजा दिली आणि ते योग्यच झाले. मी लिहिणार आहे ते गळाच्या काठीबद्दल. तीही आपल्या मलप्रभेवरची नव्हे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली, मस्की नावाचा मासा धरण्याची. मासे न खाणाऱ्या वाचकांनी मात्र पान उलटू नये. या लेखात एकही मासा कढईत पडणार नाही.

माझे आजोळ खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठी. उन्हाळ्याच्या सुटीत मामाबरोबर गळ टाकून बसणे हा माझा मुख्य उद्योग. मामाची शाळा चौथीत सुटली होती. पण गळाच्या काठीवर त्याने जे एक वाक्य मला सांगितले, तेवढे नेमके वाक्य मला पुढे एम.ए.च्या वर्गातही फारसे ऐकायला मिळाले नाही. "काठी घ्यायची तर आधी मासा बघायचा, मग हात बघायचा, आन् शेवटाला पाणी बघायचं."

घरामागच्या परड्यात चिव्याचे बेट होते. त्यातला तीनेक वर्षांचा जून चिवा मामा निवडून तोडी. कोवळा चिवा वाळला की सुरकुततो आणि पिचतो. तोडलेली काठी ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे भुंगा लागत नाही. मग ती सावलीत वाळवायची आणि जाळावर शेकून सरळ करायची. बारक्या माशांसाठी शेंडा बारीक आणि लवलवता. मरळीसाठी काठी आखूड, जाड आणि ताठ. मरळ दबा धरून बसणारी. गळ लागला की ती सरळ खाली शेवाळात घुसते आणि दोरा गुंतवते. तिला तेवढी उसंत मिळता कामा नये. पण पिलांच्या तांबड्या थव्यावर राखण करणारी मरळ दिसली, की मामा काठी खांद्यावर टाकून पुढे चालू लागे. "लेकुरवाळीला गळ दाखवायचा नसतो, भाच्या," एवढेच म्हणे.

मामाला जाऊन आता बरीच वर्षे झाली. चिव्याचे बेटही राहिले नाही. त्याच्या वाक्याची मला पुन्हा गरज पडली ती २०२५ च्या मे महिन्यात.

आमचे चिरंजीव मॅडिसनच्या विद्यापीठात मृदाशास्त्रात संशोधन करतात. उन्हाळ्याची सुटी लागली आणि आम्ही उभयता तिकडे गेलो. मॅडिसन ही विस्कॉन्सिनची राजधानी. मेंडोटा आणि मोनोना या दोन तलावांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेली. हिवाळ्यात हे तलाव गोठतात. मग लोक त्यांच्यावरून चालत जातात आणि बर्फाला भोक पाडून गळ सोडून बसतात. तिथला पहिला हिवाळा मुलाला जड गेला होता. फोनवर तो "बरा आहे" यापलीकडे बोलत नसे. बेळगावकडच्या आईबापांना "बरा आहे" या दोन शब्दांतून किती काय ऐकू येते, हे ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना सांगायला नको.

पुढे शेजारच्या एका निवृत्त पोस्टमनने त्याला आपल्या होडीतून तलावावर न्यायला सुरुवात केली आणि फोनवरची भाषा पालटली. आज वारा कुठून होता, पाणी किती गढूळ होते, कोणता मासा कुठे दिसला, असल्या गोष्टी तो सांगू लागला. त्या सत्तरीच्या गृहस्थांना आमचा मुलगा नुसत्या नावाने हाक मारतो, हे माझ्यातल्या मास्तराला शेवटपर्यंत पचले नाही. पण माणूस देवासारखा. दोन वर्षे त्यांनी आपलीच जुनी काठी मुलाच्या हाती दिली होती. आम्ही पोचलो त्या रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आप्पा, मला माझी स्वतःची काठी घ्यायची आहे. तुम्ही आल्यावरच घेऊ म्हणून थांबलोय." मला मस्कीतले ओ की ठो कळत नव्हते, पण मुलगा बापासाठी थांबला होता, तेव्हा नाही म्हणणे शक्यच नव्हते.

तर आधी मासा. मस्कीचे पूर्ण नाव मस्केलंज. तिथल्या ओजिब्वे या आदिवासी लोकांच्या भाषेतला शब्द फ्रेंचांच्या आणि इंग्रजांच्या तोंडी फिरत फिरत असा झाला. त्याची स्पेलिंगे अनेक. अमेरिकेत एक रूढ, तर शेजारच्या कॅनडात दुसरे. आम्हा सीमाभागातल्या लोकांना यात काही नवल वाटले नाही. आमच्या गावांनाही पाटीगणिक नाव बदलण्याची सवय आहे. विस्कॉन्सिनने १९५५ मध्ये मस्कीला राज्याचा मासा म्हणून मान दिला. अंग लांबट, फिकट हिरवट, त्यावर गडद पट्टे; तोंड चपट्या चोचीसारखे आणि आत सुयांसारखे दात. पाठीवरचा पर शेपटीजवळ गेलेला, म्हणजे एका जागी निश्चल उभे राहायचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की बाणासारखे सुटायचे, अशी रचना. आमच्या मरळीचाच स्वभाव, पण चार फुटांच्या देहात. विक्रमी म्हणून नोंदलेला एक मस्की याच राज्यातल्या हेवर्ड गावाजवळ १९४९ साली धरलेला. वजन ६७ पौंड ८ औंस, म्हणजे साडेतीस किलोंच्या वर.

हा मासा दहा हजार फेकींनी एकदा लागतो, अशी तिकडे म्हण आहे. ती शब्दशः घ्यायची नसली तरी काठी निवडताना लक्षात ठेवायची असते. कारण मस्कीची काठी मासा ओढण्यासाठी क्वचित आणि आमिष फेकण्यासाठी दिवसभर वापरायची असते. आमिषही कसले? गांडूळ नव्हे, हरणाच्या शेपटीचे केस आणि चकाकती पाती लावलेले, नाही तर लाकडाचे, रबराचे खोटे मासे. त्यांची वजने तीन औंसांपासून आठ औंसांपर्यंत, म्हणजे ८५ ग्रॅमपासून जवळजवळ पाव किलोपर्यंत. एवढे ओझे दिवसातून शेकडो वेळा लांब भिरकावायचे आणि ओढून आणायचे. म्हणून काठीच्या बुंध्यावर ती किती औंसांचे आमिष पेलते ते छापलेले असते. गिऱ्हाईक बहुधा रंग पाहतो; खरा वाचायचा मजकूर तो आहे.

आम्ही गेलो त्या दुकानात साठीच्या एक बाई होत्या. त्यांनी काठी दाखवण्याआधी प्रश्न विचारले. कोणता तलाव? होडीतून की काठावरून? आमिषे कोणती फेकणार? मला एकदम मामाची आठवण झाली. वर्गात हुशार मुलगा उत्तरावरून ओळखतात, असे लोक समजतात. प्रश्नावरून ओळखावा, असे माझे मत आहे. बाईंचा वर्ग पहिला होता.

भिंतीला शे-दीडशे काठ्या उभ्या होत्या. तीनचारशे डॉलरच्याही होत्या आणि शंभराच्या आतल्याही. याच राज्यात पार्क फॉल्स नावाच्या छोट्या गावी सेंट क्रॉय कंपनीचा काठ्यांचा कारखाना आहे. त्या काठ्यांचा दुकानात वेगळा थाट होता. बाईंनी दोन काठ्या मुलाच्या हाती दिल्या आणि शेंडा हलवायला सांगितला. एक काचतंतूची: जड, मऊ, दणकट. दुसरी कार्बनतंतूची, ज्याला तिकडे ग्राफाइट म्हणतात: हलकी, ताठ, दोऱ्याच्या टोकाला पाणवनस्पती लागली की मासा ते हाताला कळवणारी, पण कडेवर आपटून ओरखडा पडला तर एखाद्या दिवशी तिथेच मोडणारी. होडीमागे आमिष ओढत न्यायचे तर काचतंतूची बरी. दिवसभर फेकायचे तर ग्राफाइटची.

मग ताठपणाचा प्रश्न. मला वाटले होते, एवढा दांडगा मासा, तर काठी पहारीसारखी हवी. बाईंनी मान हलवली. आजकाल दोरा रेशमासारखा विणलेला असतो; ८० ते १०० पौंडांचा ताण सोसतो आणि जराही ताणला जात नाही. पूर्वीचा नायलॉनचा दोरा लांबत असे, त्यामुळे हिसका सोसला जाई. आता तो सोसायचा कोणी? काठीने. शेंड्याकडे वाकणारी आणि बुंध्याकडे हटवादी, अशी काठी हवी. नुसती ताठ असेल तर माशाच्या तोंडातून गळ फाटून निघतो. नुसती मऊ असेल तर त्याच्या हाडासारख्या टाळूत तो रुततच नाही. हे ऐकताना मला शाळेतले काही शिक्षक आठवले. नावे सांगत नाही.

इतका मजबूत दोरा आणि इतकी जाड काठी कशासाठी, हे विचारल्यावर जे उत्तर मिळाले ते मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते. मला वाटत होते की ही सगळी जय्यत तयारी माणसाच्या विजयासाठी. तसे नाही. ती माशाच्या जिवासाठी आहे. तिथले बहुतेक मस्कीवाले मासा धरून पुन्हा सोडून देतात. राज्याचा नियमही कडक: साधारणपणे ४० इंचांखालचा मस्की ठेवता येत नाही आणि काही तलावांत ही मर्यादा ५० इंचांची आहे. एवढी लांबी गाठायला माशाला बरीच वर्षे लागतात. नाजूक काठीने त्याला खेळवत बसले तर मासा थकून जातो. मग सोडला तरी जगेलच असे नाही. उन्हाळ्यात पाणी फार तापले की जाणते लोक मस्कीच्या वाटेलाच जात नाहीत. दमदार काठीने झुंज लवकर संपते आणि मासा तरतरीत असताना पाण्यात परततो. गळाच्या वर तारेचा नाही तर जाड, दातांनी न तुटणाऱ्या दोऱ्याचा तुकडा जोडतात, तोही यासाठीच: दोरा चावून मासा निसटला तर गळ जन्मभर त्याच्या तोंडात राहील. लेकुरवाळीला गळ न दाखवणारा माझा मामा या लोकांत सहज रमला असता.

मासा झाला, आता हात. मुलगा आदल्या जानेवारीत बर्फावरून सायकल घसरून पडला होता आणि त्याचा उजवा खांदा अजून कुरकुरत होता. हे आम्हाला तिथे गेल्यावर कळले. फोनवर तो "बरा" होता. बाईंनी त्याला काठीला रीळ लावून धरायला सांगितले. काठीचे वजन तराजूत नव्हे, तर रीळ लावल्यावर हातात करायचे. शेंडा जमिनीकडे झुकत असेल तर तासाभरात मनगट बोलू लागते. रिळाच्या मागची मूठ लांब हवी, म्हणजे ती काखेखाली टेकवता येते आणि फेकताना डावा हात जोर देतो. सगळा भार खांद्यावर पडत नाही. दोरा जातो त्या कड्यांच्या आतून कापसाचा बोळा फिरवून पाहिला. कुठे तडा असला तर कापसाचा धागा अडकतो. ही युक्ती मला फार आवडली.

लांबीवर थोडी चर्चा झाली. एके काळी मस्कीच्या काठ्या साडेपाच-सहा फुटांच्या असत. आता आठ, साडेआठ, नऊ फूट. लांब काठीने आमिष दूर जाते. पण खरे कारण शेवटच्या दोन हातांत आहे. मस्की आमिषामागे होडीपर्यंत येतो आणि तिथे थबकतो. म्हणून आमिष पाण्याबाहेर काढण्याआधी काठीचे टोक पाण्यात बुडवून होडीच्या कडेला आठाचा आकडा काढायचा असतो. इंग्रजी आठाचा, आपल्या मराठी ८ ने मासा फसत नाही. वळणे रुंद घ्यायची, कारण चार फुटांच्या माशाला अरुंद वळण घेता येत नाही. आखूड काठीने हा आकडा नीट गिरवता येत नाही. फार लांब काठी दुखऱ्या खांद्याला झेपत नाही. साडेआठ फुटांवर एकमत झाले.

राहिले पाणी. बाईंनी त्याच लांबीच्या दोन काठ्या समोर ठेवल्या. एक अखंड, दुसरी मधोमध जोडाची. जोडाची काठी दोन तुकड्यांत पिशवीत मावते. अखंड काठी वाकताना शेंड्यापासून मुठीपर्यंत एकसारखी वाकते आणि हजार फेकींनंतर तिचा सांधा सैल होण्याचा प्रश्न नसतो. पण ती घेऊन दूरचा प्रवास करणे अवघड. किमतीत फारसा फरक नव्हता. बाईंनी विचारले, काठी कुठे कुठे न्यायची आहे?

मी मुलाला मराठीत म्हणालो, "जोडाची घे. इकडे येशील तेव्हा आणता येईल."

तो अखंड काठी हातात तोलत होता. म्हणाला, "आप्पा, ही मलप्रभेवर काय कामाची? तिथं मस्की कुठं आहे?"

"तसं नव्हे. पण उद्या तू कायमचा परत आलास तर..."

तो काही बोलला नाही. काठी त्याने खाली ठेवली नाही. तो परत येणार की नाही, हा प्रश्न आम्ही दोघांनी बेळगावहून निघताना सामानात बांधून आणला होता आणि तीन आठवड्यांत एकदाही बाहेर काढला नव्हता. तो असा एका दुकानात, बाईंच्या साध्या प्रश्नातून, निघेल असे वाटले नव्हते. सौ. इतका वेळ रिळांच्या कपाटापाशी उभी होती. तिथूनच ती म्हणाली, "त्याला पाहिजे ती घेऊ द्या." ती काठीबद्दल बोलत नव्हती.

मला मामाच्या वाक्यातला शेवटचा भाग त्या क्षणी नीट कळला. लहानपणी मला वाटे, पाणी बघायचे म्हणजे खोल आहे की उथळ, ओढ आहे की डोह. तेही खरेच. पण काठी ज्या पाण्यावर चालवायची, त्या पाण्याचीच ती झाली पाहिजे; दुसऱ्या पाण्याची आठवण म्हणून तिला मधोमध सांधा ठेवू नये. आपण सीमाभागातली माणसे दोन भाषांत वाढलो, दोन्हीकडे पाय ठेवून जगलो. सांधा कुठे दुखतो हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? माझ्याकडे दरवर्षी दहावीनंतर पालक येतात आणि विचारतात, सर, मुलाला कुठे घालू? इथेच ठेवू, कोल्हापूरला पाठवू, की बेंगळुरूला? आता मी त्यांना आधी मुलाचा हात बघायला सांगतो, मग पाणी. आपल्या सोयीचे मागाहून बघू.

अखंड काठी घेतली. दोनशे डॉलरच्या आत बसली. पैसे मी दिले. मुलगा नको म्हणत होता, पण तेवढा हट्ट बापाने करायचा असतो.

नंतरचे तीन शनिवार-रविवार आम्ही पोस्टमनसाहेबांच्या होडीतून मोनोना तलावावर घालवले. राज्याच्या दक्षिण भागात मस्कीचा हंगाम मेच्या पहिल्या शनिवारी उघडतो. पाणी अजून थंड होते, त्यामुळे आमिषे लहान लावली होती. मुलाच्या खांद्यासाठी तेही बरे झाले. मीही परवाना काढला होता. चार तास फेकी करून माझे हात भरून आले आणि दहा हजार हा आकडा म्हणीत का आला, हे मला पटले. होडीत मोठे रबरी जाळे होते, लांब पकड होती आणि गळ कापायची कात्री होती. मासा वर उचलून लटकवायचा नाही, आडवा धरायचा, श्वास रोखता येईल तेवढाच वेळ पाण्याबाहेर ठेवायचा, हे पोस्टमनसाहेबांनी मला दोनदा समजावून सांगितले. मासा काही नव्हता. तरी धडा पाठ करून घेतला. माणूस शिक्षक व्हायचा तो पोस्टमन झाला होता.

एकदाच तो दिसला. मुलाने आमिष होडीपाशी आणले, काठीचे टोक बुडवून पहिले वळण घेतले आणि त्यामागून पाण्यातून एक लांब, पट्ट्यापट्ट्यांची सावली वर आली. घाई नाही, झडप नाही. आम्हा तिघांना आणि काठीला त्याने नीट पाहून घेतले, आठाच्या अर्ध्या आकड्यापर्यंत साथ दिली आणि हळूच खाली विरघळला. मुलगा त्यानंतर पाच मिनिटे तो आकडा गिरवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होते, ते मी त्याच्या दहावीच्या निकालाच्या दिवशीही पाहिले नव्हते.

आता तो फोनवर "बरा आहे" असे म्हणत नाही. परवा त्याने सांगितले की खांदा पुष्कळ सुधारला आहे, प्रबंधाचे तिसरे प्रकरण संपले आहे आणि मस्की आणखी दोनदा मागे येऊन परत गेला आहे. सौ. त्याला विचारत होती की दिवाळीचा फराळ कधीपर्यंत पोचला पाहिजे. मी विचारले, "काठी कशी आहे?"

"हातात बसली, आप्पा," तो म्हणाला.